धोपाव्याची फेरीबोट

भोंगा वाजला, आणि निनाद रॅम्पवरच आडवा झाला,
कानांवर तळवे, टाचा लोखंडावर आपटत.
मागे टेम्पो, दोन रिक्षा, एक नवरदेवाची गाडी.
"एक ठेवून द्या, गप होईल," कुणीतरी म्हणालं.

मी त्याला उचललं नाही.
शेजारी बसले, ओढणीने ऊन अडवलं,
रॅम्पचे खिळे मोजू लागले हळूहळू.
सतराव्या खिळ्यावर त्याचं बोट आलं.

तोवर एक खारवीण कोळंबीची पाटी उतरवून
टेम्पोपुढे उभी, कमरेवर हात:
"थांब जरा. खाडी काय पळून जातेय?"

हल्ली तिकिटवाले मापुसकर भोंग्याआधी
लांबूनच हात वर करतात.
निनाद आपणहून कान झाकतो.
कधीकधी तरीही आडवा होतो.
मग पुन्हा खिळे,
एकपासून.