हातचा

विडी घरकुलातून निघालं की
मार्केट यार्डापर्यंत काच बरी असायची.
मग कांद्याच्या ट्रकांची रांग लागायची
आणि नायनांच्या बाजूने धुकं चढायचं,
आतून.

बाहेर जानेवारी. सोलापूरची थंडी ती केवढी,
दहाच्या उन्हात विसरून जाण्याइतकी.
पण पहाटे साडेपाचला, सिव्हिलचा नंबर लावायला,
काचा बंद करून दोन माणसं श्वास घेत बसली
तर जुन्या वॅगनारला तेवढंही पुरतं.

काच खाली केली की नायनांना खोकला.
वर केली की मला रस्ता दिसत नाही.
एसी लावला की ते पाय वर घ्यायचे,
चादरीत, पोटाशी,
आणि म्हणायचे काहीच नाहीत.

सल्ले सगळ्यांकडे होते.
अनसूयाबाई म्हणाल्या, बटाटा चोळ.
चोळला. समोरून येणारा प्रत्येक दिवा
रश्श्यात पडल्यासारखा दिसला.
दाजींनी मोज्यात मीठ भरून पुढे ठेवायला लावलं.
मीठ ओलं झालं, काच होती तशीच.
मग मी कोरा टॉवेल काढला, घडी मोडून,
तर नायना म्हणाले,
नवा टॉवेल पाणी पीत नाही बिड्डा,
तीन धुण्यांनंतर पितो.
एकतीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस.
त्यातला थोडा अजून छातीत होता.
टॉवेल पाणी प्यायला नाहीच.
काचेवर नुसते तंतू राहिले.

एकदा सिग्नलला थांबलो असताना
त्यांनी वाकड्या बोटाने काचेवर लिहिलं:
पेट्रोल ३००
एक्सरे ४५०
इंजेक्शन २७५
खाली रेघ.
किती झाले ग तुझे, म्हणाले.
मी हात लांब करून सगळं पुसून टाकलं
आणि गिअर टाकला.
तोवर त्यांनी बेरीज लिहिलेली होती.

गड्डा उठायच्या आत भाऊ आला
आणि त्यांना चिंचवडला घेऊन गेला.
तिथे लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे.
मी पुन्हा एकटी, पहाटे, मागे डबे घेऊन.
आणि काच? तशीच.
एका बाईच्या श्वासाने एवढी?
मी एवढा काय श्वास घेते?

इलियासने डावी सीट मागे सरकवली,
मॅट उचलली, नाक मुरडलं.
ताई, हे काय ठेवलंय?
चार घड्या घातलेला टॉवेल, ओला, हिरवट,
त्याखालचा गालिचा दाबला की पाणी सुटत होतं.
थर्मासचं झाकण त्यांना कधी घट्ट लागायचं नाही.
रोज थोडं सांडत असणार,
रोज पायाने टॉवेल पुढे ढकलत असणार,
मी रस्ता बघत असताना.
टॉवेल बिचारा पीत होता तेव्हापासून.
त्याची तीन धुणी तिथेच झाली.

इलियासने दोन दिवस दारं उघडी टाकून
गाडी उन्हात ठेवली.
उन्हाला काय, आमच्याकडे तोटा नाही.
आता काच कोरडी. यार्डापासून सात रस्त्यापर्यंत
सगळं स्पष्ट, नको तेही.

रविवारी फोन येतो.
काच धरते का ग अजून?
नाही नायना.
मग ठीक, म्हणतात, आणि दम घेतात,
तो दम मला इकडे ऐकू येतो.

फोन ठेवला की मी डावीकडे वाकते,
काचेजवळ तोंड नेऊन
एक लांब श्वास सोडते.
पुसलेलं सगळं परत येतं,
रेघ, आकडे, वाकडा पाच.
बेरीज ९२५.
शंभराने कमी आहे.
हातचा घ्यायचा विसरले.

तो मी लिहीत नाही.
काच आपोआप निवळेपर्यंत
बसून राहते, चावी हातात.