सूत

मगदूमसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"कानस मारता येते?"
मला फाइल माहीत होती,
पहिल्या वर्षाच्या जर्नलात तिची आकृती काढून
शेडिंगसुद्धा केलं होतं.
कानस म्हटल्यावर मी नुसती कान टवकारून उभी.

कुपवाडच्या त्या शेडमध्ये पत्रा तापला
की कूलंटचा वास डब्यातल्या भाकरीला लागायचा.
डिस्टिंक्शन होतं माझं. थर्मोडायनॅमिक्समध्ये तर वर्गात पहिली.
आणि दस्तगीरचाचा, सातवी नापास,
चालत्या लेथवर तळवा टेकवून म्हणायचे,
"मागचं बेअरिंग रडतंय. आठवडा काढंल, जास्त न्हाई."
नवव्या दिवशी गेलं.
मी मनातल्या मनात म्हटलं, चुकले की दोन दिवसांनी.

मग ते चाळीस शाफ्ट.
पंपाचे. बेअरिंग बसायच्या जागी
वीस मायक्रॉन बारीक.
बेअरिंग हातानं सरकत होतं, बोटात सैल अंगठी फिरावी तसं.
रात्रपाळीला बिरू होता, जतचा,
आयटीआय होऊन चार महिने झालेला.
बटण त्यानं दाबलं होतं.
पण मशीनमध्ये ऑफसेट मी टाकून गेले होते,
अधिकच्या जागी वजा,
सात वाजताची बस गाठायची म्हणून.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "कुणी केलं?"
पंखा फिरत होता. बिरू स्वतःच्या बुटांकडे बघत होता.
मला आठवलं, इंटरव्ह्यूत मी म्हणाले होते,
टीमवर्क ही माझी जमेची बाजू आहे.
"आकडा माझा होता," मी म्हटलं.
आवाज एवढा बारीक निघाला
की पुन्हा म्हणावं लागलं.

साहेब रागावले. रीतसर रागावले.
चाळीस शाफ्टांची किंमत फळ्यावर लिहिली,
ती पुसायला पंधरा दिवस कुणी धजलं नाही.
बिरू त्यानंतर मला मॅडम म्हणायचा थांबला,
ताई म्हणायला लागला. एवढंच.

रविवारी चाचा मिरजेला घेऊन गेले,
भावाच्या दुकानात.
भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास.
भाऊ तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होता,
इतकी हलकी, की घासतोय की पुसतोय कळेना.
मग तारेखाली त्यानं सूत सरकवलं,
साधं, शिवणाचं, पांढरं सूत,
केसभर पुढं, केसभर मागं.
आमच्या शेडमध्ये सूत म्हणजे
इंचाचा आठवा भाग. जुनी माणसं अजून म्हणतात.
इथं सूत कुठल्याच मापात नव्हतं.

"आता जवारी लागली," भाऊ म्हणाला.
चाचांनी डोळे मिटले होते. ते उघडून माझ्याकडे पाहिलं.
"आलं ऐकू?"

हो म्हणणं सोपं होतं.
चार वर्षं व्हायवात तेच करत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "मला दोन्ही सारखंच वाटलं."

चाचा हसले. चहा सांगितला.
"उद्या सकाळी लवकर ये," म्हणाले,
"मशीन गार असताना."