दोन अक्षरांमधलं पाणी

प्रयोगशाळेच्या दारावर तीन लिप्यांत नाव हवं होतं.
कोण वर, कोण खाली, यावरून बेळगावात
माझे किती डबे रंग सुकले,
किती पाट्यांवर रातोरात डांबर आलं,
ते विचारू नका.

कागदावर शब्द होता : पेप्टाइड.
खडेबाजारातले दवाखाने रंगवले, सराफकट्टे,
कुंद्याच्या दुकानांची तर गणतीच नाही;
हा शब्द ब्रशखाली पहिल्यांदाच आला.
"अर्थ ठाऊक नसला की माझं अक्षर वाकडं येतंय,"
मी म्हटलो.
शिवलीला हुक्केरी हातमोजे काढून
शिडीखाली पायरीवर बसली.

"मामा, तुमच्यात अक्षरं किती?"
"कन्नडात वेगळी, मराठीत वेगळी."
"अंगात वीस. अमिनो आम्लं म्हणतात त्यांना.
दोन जोडा, दहा जोडा, चाळीस जोडा, झालं पेप्टाइड.
फार लांबलं की प्रथिन.
रेघ नेमकी कुठं मारायची, यावर आमच्यातही भांडण आहेच."
सीमा म्हटली की भांडण.
मला जरा घरच्यासारखं वाटलं.

"आणि क्रम बदलला तर?"
"तुम्हीच सांगा की."
मका, मी म्हटलो. काम.
तीच दोन अक्षरं.
एक शिजतो, एक संपत नाही.

मग ती म्हणाली, दोन अक्षरं जुळताना
दर जोडाला पाण्याचा एक कण बाहेर पडतो.
तो गेल्याशिवाय गाठ बसत नाही.
मी ब्रश थांबवला.
भिंतीची ओल उडाल्याशिवाय शिरोरेषा धरत नाही,
हे मला बाराव्या वर्षी
शहापूरच्या उस्तादानं कानफटात मारून शिकवलेलं.

जेवायच्या आधी मी पिशवीतून पेन काढलं,
सदरा वर केला, पोटात टोचलं.
"हेच ते," ती म्हणाली. "इन्सुलिन.
एक्कावन्न अक्षरं. दोन ओळी,
एक एकवीसची, एक तीसची, मध्ये पूल."
नऊ वर्षं मी रोज एक शब्द टोचून घेत होतो
आणि मला तो वाचता येत नव्हता.
"मग गोळी का देत नाहीत?"
"जठर आधी शिरोरेषाच पुसतं, मामा.
सुट्या अक्षरांचं साखर ऐकत नाही."

आत पिंजऱ्यांत उंदीर. पाठीवर जखमा.
पंधरा अक्षरांचं काहीतरी लावून बघत होते
कातडं लवकर धरतंय का.
"धरतंय?"
"उंदरात थोडं. माणसात ठाऊक नाही."
तिची नजर माझ्या गुंडाळलेल्या अंगठ्यावर गेली.
मी पाय चपलेत सरकवला.

तेव्हा भरमा आठवला, बहिणीचा पोरगा.
खांदा दुखतोय म्हणून अनगोळच्या जिममधून
कसलीशी बाटली आणलीय त्यानं.
लेबलावर : फक्त संशोधनासाठी.
शिवलीला उठून उभी राहिली.
"संशोधन म्हणजे अजून ठाऊक नाही, मामा.
आत काय आहे हे लेबलालाही ठाऊक नसेल.
टोचायच्या आधी डॉक्टरकडं न्या त्याला."
मी चाळीस वर्षं लेबलं रंगवलीत.
लेबल किती खरं बोलतं,
ते मला विचारा.

शिरोरेषा शेवटी.
कन्नड ओळीत ज्याचं त्याचं तलकट्टु,
कुणी कुणाला धरत नाही, तरी शब्द होतो.
खाली मराठीत एकच रेघ, श्वास रोखून,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
इ-वर हात थरथरला. साखर असेल.
तिथं रेघ जराशी जाड आहे, बघा कधी गेलात तर.

शिडीवरूनच फोन लावला.
मागं लोखंड आदळत होतं, कुणीतरी आकडे मोजत होतं.
"बाटली फोडलीस?"
"नाही. का?"
"घेऊन ये. मला अक्षरं बघायचीत."