लागण

अक्षय्य तृतीया सरली.
रहिमतपूरच्या माळावर आल्याची लागण.
बायका सरीत, मी बांधावर
बेणं मोडत बसलेली:
तुकड्याला दोन डोळे, जास्त नाही.

सकाळी आशाताई गोळ्या देते,
गिळेपर्यंत समोर उभी.
लघवी केशरी होते
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

"लागण कुठवर आली गं?"
हौसाक्का वरून ओरडते.
सगुणाचा हात क्षणभर थांबतो.
दवाखान्याच्या भिंतीवरही
हाच शब्द होता.

चहा येतो. माझा कप वेगळा,
दांडीला लाल दोरा.
कालचं बेणंही औषधातून काढलेलं,
गोणपाटावर सुकतंय सावलीत.
ते मात्र सगळ्याजणी
उघड्या हातांनी उचलतात.

चौथा महिना. दोन किलो भरले.
उद्या सरीत उतरते म्हणाले,
निदान ठिबकची नळी धरायला.