वेगळा तवा

वॉशिंग मशीनच्या मागे उभा असतो तो,
रविवारच्या गुजराती पुरवणीत गुंडाळलेला,
बिडाचा, पसरट, एका कानाचा.
दुसरा कान बदलीच्या ट्रकात गेला.
माशाचा तवा.
बाकीची भांडी त्याला ओळखतात,
बोलत नाहीत इतकंच.

आज बँकेतून निघायलाच आठ वाजले.
फतेगंजच्या पुलाखाली याकूबभाईची स्कूटर,
बर्फाच्या पेटीवर ओलं गोणपाट.
"भरूचनी छे, बेन. सवारनी."
पाव किलो कोळंबी, थोडं माकूल,
काळ्या पिशवीत काळी पिशवी,
वर डबा, डब्यावर ओढणी.
लिफ्टमध्ये नेमके अमीनकाका.
तिसरा मजला येईपर्यंत मी श्वास धरून,
जणू वास पिशवीला नाही, मलाच येतोय.

शाल्मलीने कोबी चिरून ठेवलाय,
खंडेराव मार्केटचा, घट्ट, थंडीतला.
ती आजकाल मला ओम्मा म्हणते
आणि मालिकेतल्या लोकांसारखी जेवताना सुस्कारे टाकते.
तिनेच मागवलाय हा लाल डबा, गोचुजांग.
मला तो शब्द धड येत नाही.
बोटावर घेऊन बघते:
आधी लवंगी, मग गूळ,
मग फार मागून, घशापाशी,
बरणीच्या बुडाला मुरत पडलेलं काहीतरी,
जे माझ्या ओळखीचं आहे
आणि कुठे भेटलं ते आठवत नाही.

तवा तापू दे. अजून. पाणी नाचलं पाहिजे.
गाजर आधी, त्याला वेळ लागतो.
ढोबळी मिरची. मग कोबी, तो लगेच रुसतो.
सगळं कडेला सार, मध्ये जागा कर,
मध्ये तेल, लसूण, दोन चमचे तो लाल चिखल.
व्हिनेगर संपलंय.
मी कोकमाचं आगळ घालते.
"हे कोरियन नाहीये," शाल्मली म्हणते.
"मी तरी कुठे बडोद्याची आहे," मी म्हणते.
मग चमचा फिरवता फिरवता,
"आहे की. चार पिढ्या झाल्या."

माकूल टाकलं. आता कोळंबी.
नीट बघ, हिच्यात सगळं शिक्षण आहे:
स्वल्पविराम झाली की उतरव.
शून्य झालं तर रबर खा.

आणि बेल.

पंखा पाचवर. उदबत्ती.
शाल्मली तव्यावर परात घालते,
परात तव्यावर बसत नाही, तो एक कान आडवा येतो.
दारात पर्व, अमीनकाकांचा नातू, दहावीतला.
"आंटी, पेलुं लाल कोरियन छे ने तमारे त्यां?
सुगंध आवी."
मी डबा आणते. तो उलटा करून
कोरियन अक्षरांच्या खाली, किमतीच्या बाजूला
हिरवा ठिपका शोधतो.
सापडतो. आम्ही दोघंही सुटतो.
दुसऱ्या कप्प्यातला चमचा, कोरडी वाटी,
तीन मोठे गोळे.
तो जात नाही.
माझ्या खांद्यावरून आत बघत,
"अने बीजी सुगंध शेनी?"
मी काहीच बोलत नाही.
आत तवा चरचरतोय, त्याला काय कळतं.
पर्व वाटीत बोट बुडवतो, चाटतो,
डोळ्यांत पाणी येतं त्याच्या.
"दादा तो सूई गया छे," म्हणतो,
आणि जिन्याने जातो, लिफ्ट असून.

नऊ वीस. ताटं घेतलीच नाहीत.
ओट्याला टेकून, तव्यातूनच,
वर पात, वर तीळ, खाली काल रात्रीचा भात.
कोळंबी जराशी पुढे गेली, शून्याच्या अलीकडे.
बेल वाजली म्हणून.
शाल्मली सुस्कारा टाकते, या वेळी खरा.
तिचं नाक वाहतंय, माझंही.
कुणीच पाणी आणायला हलत नाही.

सालं फ्रीझरमध्ये,
मटारच्या पिशवीत, गाठ मारून.
उद्या सकाळी कचऱ्याची गाडी
गाणं वाजवत येईल,
तेव्हा मीच खाली जाईन.