बारा व्होल्ट

नियमपत्रातलं सातवं कलम :
जनरेटर आणायचा नाही. आवाज नको, धूर नको.
खांबावरची वीज फक्त कोपऱ्याच्या गाळ्यांना,
वर साठ डॉलर.
आम्ही दोघं मधल्या रांगेत, सुपीरियरकडे पाठ करून.
तळं म्हणायचं आपलं; पलीकडचा काठ
इथून कुणाला दिसलेला नाही.

आइली कांगासची बॅटरी शिशाची, तीस किलोंची.
नातवाच्या खेळण्यातल्या गाडीत घालून ती ओढत आणते
आणि तंबूच्या वाऱ्याकडच्या पायाला साखळीने बांधते.
"दोन कामं करते," म्हणते,
"उजेड देते, आणि मला उडू देत नाही."

माझी लिथियमची, जेवणाच्या डब्याएवढी.
लाकडी चमच्यांना काय, कुठलाही उजेड चालतो.
तिच्या चित्रांना चालत नाही.
बंद पडलेल्या खाणीची माती चाळून,
जवसाच्या तेलात घोटून ती तांबडा करते –
आजोबांच्या सदऱ्यातून
तीन बायकांनी धुतला तरी न गेलेला तांबडा.
एलईडीखाली तो शिळ्या कलेजीसारखा दिसतो, म्हणते.
म्हणून हॅलोजन. पन्नास वॅटचे, सहा.

हिशेब पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने :
सहा दिवे म्हणजे पंचवीस अँपिअर.
शंभरातले पन्नासच काढायचे, नाहीतर बॅटरी कायमची बसते.
म्हणजे दोन तास.
सप्टेंबरअखेरची थंडी धरली तर दीड.
ढग असले की तंबूत सहालाच दिसेनासं होतं
आणि मेळा नऊपर्यंत.

मग ती एकेक दिवा राखते.
गिऱ्हाईक थांबलं की लावते, वळलं की विझवते.
खट्. खट्.
एका पोरीला हसू आलं, तिनं मुद्दाम चारदा ये-जा केली.
आइलीनं चारही वेळा लावला.

टोपीवाला एक म्हातारा मोठ्या चित्रापुढे उभा राहिला,
पाण्यानं भरलेली खाण, वर बर्फाचा पापुद्रा.
बापाची पाळी कुठली, पिंजरा किती खोल जायचा,
सगळं तो चित्रालाच सांगत होता.
अकरा मिनिटं. मी घड्याळ पाहत होतो.
काही घेतलं नाही त्यानं.
दिवा विझवून आइलीनं पुठ्ठा ओढला,
एक आकडा खोडला, एक लिहिला.

साडेआठला माझ्या लिथियमनं
न सांगताच डोळे मिटले.
शिसं निदान पिवळं होत होत जातं.
चमचे अंधारात चाचपत बसलो.

नऊला लायल पेल्कीनं खांबाची पेटी उघडून खटका खाली ओढला.
साठ डॉलरवाले कोपरे एकदम गडप.
कुठे काच किणकिणली, कुणी आईवरून शिवी दिली,
कुणी दातांत फोन धरून फ्रेमा गुंडाळू लागलं.
माल विकायला उजेड लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.
न विकलेला आवरायलाही लागतो,
हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आइलीनं एक दिवा आकड्यावरून काढला,
चित्रांकडे पाठ करून
बाहेर रांगेच्या तोंडाशी टांगला.
त्या उजेडात मातीची भांडी वर्तमानपत्रात गेली,
कानातली डबीत गेली, खोकी चिकटली, माणसं मोजून झाली.
उजेड कुठला, हे कुणी विचारलं नाही.
मी पुठ्ठा पाहिला. सगळ्यात खाली,
खाडाखोड नसलेली एकच ओळ :
आवराआवर. एक दिवा. अर्धा तास.
ती सकाळचीच होती.

शेवटी तिनं तार काढली.
बॅटरी मी उचलली, गाडीत ठेवली,
आणि साखळी सुटली तसं वाऱ्यानं कापड पोटात घेतलं.
"धर," ती ओरडली.
कुठला पाय ते दिसत नव्हतं.
हाताला लागला तो धरला.