मानीव वेळ

अंबाझरीवर डिसेंबरात वारा उशिराच उठतो,
साहेब लोकांसारखा, साडेदहानंतर.
तोवर पाणी नुसतं पडून.
जलपर्णीच्या कडेला एक बगळा,
पलीकडच्या पुलावरून मेट्रो जाते
आणि तेवढीच एक हालचाल पाण्यात उलटी होऊन निघून जाते.

मी बांधावर. घडीची खुर्ची, मांडीवर रजिस्टर,
गळ्यात स्टॉपवॉच.
बत्तीस वर्षं कोषागारात बिलं तपासली,
आता होड्यांचे सेकंद तपासते.

लांजेवारांची 'खारीक', एकाच पोटाची,
प्लायवुडवर प्लायवुडची ठिगळं,
पाणी ढकलत, कण्हत चालते.
आणि पौनीकरांच्या जुळ्या मुलींची कॅटमरान:
दोन सडपातळ अंगं, मध्ये ताणलेली जाळी,
खाटेला दोन पडवळं बांधावीत तशी.
वारा भरला की तिचा एक पाय पाण्याबाहेर
आणि मघा, चित्रा दोघीही तारेला लटकून
तळ्यावर आडव्या.

एकाच शिट्टीला सुटायचं तर दोघींना आकडे हवेत.
कॅटमरानला सातशे साठ, खारकेला अकराशे.
लागलेले सेकंद गुणिले हजार, भागिले आकडा.
पळणारीचा वेळ फुगतो,
रखडणारीचा आटतो.
समुद्र इथून कुठल्याही दिशेला लांबच,
पण त्याचा हिशोब तेवढा पोचला आमच्या गावात.

तर रविवारी
जुळ्या एक्केचाळीस मिनिटांत आल्या.
वारा मेलेला. वळताना दोनदा अडकल्या,
जाळीवर पालथ्या पडून हातांनी पाणी मारावं की काय
अशा चेहऱ्यानं बसल्या,
तरी आल्या पहिल्या.
होडी ओढली, केस पुसले,
तर्री पोह्यांची प्लेट मागवली.

आणि मग, चव्वेचाळिसाव्या मिनिटाला,
हिंगण्याच्या बाजूनं
तळ्याच्या कातडीवर शहारा आला.
लांजेवारांचं शीड फटकन भरलं.
म्हातारा उठून उभाच राहिला होडीत,
टोपी गेली, टोपीकडं बघितलंही नाही.

अठ्ठावन्न मिनिटं.
मी भागाकार दोनदा केला, सवयीनं.
खारीक त्र्याहत्तर सेकंदांनी पुढे.

"काकू, आम्ही तं केव्हाच्या पोचलो न!
पोहे खाऊन झाले आमचे!"
मघाच्या ओठावर अजून तर्रीचा लाल कड.
चित्रा काहीच बोलली नाही,
ती शिडांकडं बघत होती, आत्ता फडफडणाऱ्या,
दोरीनं बांधून टाकलेल्या शिडांकडं.

काय सांगू?
आकड्याला होडी ठाऊक असते, वारा नाही.
जो आधी संपवतो
त्याच्या वाट्याला नंतरचा वारा येत नाही,
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पत्र आलं:
पदोन्नती मंजूर, मानीव दिनांक
अकरा वर्षं मागचा.
थकबाकी देय नाही.
म्हणजे कागदावर मी केव्हाचीच त्या खुर्चीत बसले होते,
त्या पंख्याखाली, त्या खिडकीशी,
आणि इकडे मीच
बाहेरच्या बाकड्यावर त्याच साहेबाची सही घ्यायला ताटकळत.
पत्र मी फायलीला लावलं. बरोबरच होतं ते.

रजिस्टरात शेरा लिहिला: निकाल कायम.
खाली पेन्सिलीनं, अगदी बारीक:
वारा ४४व्या मिनिटास.
पेन्सिलीचं कुणी ऑडिट करत नाही.

लांजेवार बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन
सरळ मुलींकडं गेले.
"झाकण तुमी ठेवा," म्हणाले, "डबा माझा."
मघा हसली नाही. झाकण मात्र घेतलं.

मग ट्रॉल्या चढावर निघाल्या.
सिमेंटवर पाण्याच्या दोन रेघा बाजूबाजूनं,
मागून एक जाड, ठिबकणारी.
उन्हात आधी कुठली वाळते
ते बघत मी जरा वेळ बसले.
स्टॉपवॉच बंद करायचं राहूनच गेलं होतं.